ख्यालाला पेटीची साथ करायची आहे? सुरुवात इथून करा

पेटी वाजवता येणं आणि साथ करता येणं यांत किती अंतर आहे, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी सात वर्षं मी पेटी शिकत होते. नाट्यपदं, गती, बेताच्या ताना, दोन परीक्षा. सोसायटीच्या गणपतीत माझी पेटी ऐकायला लोक थांबायचे, निदान मला तसं वाटायचं. मग आमच्याच गल्लीतल्या एका ताईंनी रियाजाला बसशील का म्हणून विचारलं. त्या पंधरा वर्षं ख्याल शिकत होत्या. राग यमन, विलंबित (संथ लयीतला) एकताल. दहा मिनिटांनी त्या गायच्या थांबल्या आणि तानपुरा तसाच चालू ठेवून म्हणाल्या, "तू माझ्याआधीच तिथे कशी पोचतेस गं?"

मला ते कौतुक वाटलं. मी हसलेसुद्धा.

ते कौतुक नव्हतं हे समजायला पुढचे काही महिने गेले. ख्यालाची बंदिश असते दोन-चार ओळींची. पुढचा अर्धा-पाऊण तास गायक जे करतो ती उपज असते. पुढची जागा कुठली, हे कित्येकदा त्यालाही गाईपर्यंत ठाऊक नसतं. आणि मी मात्र तिथे जाऊन त्याची वाट बघत बसले होते.

ज्यांचा हात पेटीवर बरा फिरतो, आठ-दहा राग माहीत आहेत, पण गाणाऱ्याच्या शेजारी बसायची वेळ अजून आलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पेटी मुळापासून शिकायची असेल तर गुरू गाठा, लेख वाचून ते होत नाही.

काय काय लागेल

* पेटी. डबल रीडची, खर्ज-नर जोडीची (एका पट्टीला दोन सूर, त्यातला एक खालच्या सप्तकातला) असली की पुरे. विकत घेताना दुकानदार पालिताण्याच्या सुरांचं, म्हणजे आतल्या रीड्सचं, कौतुक सांगेल. गुजरातेतल्या त्या गावचे सूर नावाजलेले आहेत हे खरंच, पण तुम्ही आधी भाता तपासा. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका आणि तो किती वेळ फुगलेला राहतो ते पाहा. हवा गळणाऱ्या पेटीवर हळू वाजवताच येत नाही, आणि साथीत तुम्हाला बहुतेक वेळ हळूच वाजवायचं आहे.
* तानपुरा. नसेल तर फोनमधला चालेल, मात्र तो स्पीकरला जोडा. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही.
* तबल्याचा ठेका देणारं ॲप. विलंबित एकताल, तिलवाडा आणि झुमरा हे ताल त्यात असलेच पाहिजेत.
* रेकॉर्डिंगची सोय. फोन पुरतो.
* एक वही. तिच्याबद्दल शेवटी बोलू.
* जुना जाड टॉवेल. गुळगुळीत सतरंजीवर पेटी भात्याच्या धक्क्याने सरकत जाते. ऐन समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, ती सावरत बसण्यापेक्षा खाली टॉवेल बरा.

प्रमाणपत्र लागत नाही. मला आजवर कुठल्याही गायकाने "विशारद झालीस का" असं विचारलेलं नाही. "काळी पाचमध्ये हात चालतो का" हे मात्र प्रत्येकीने विचारलं आहे. काळी पाच ही गाण्याची पट्टी, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून गायचं.

१. सगळ्या पट्ट्यांमध्ये हात बसवा

शिकताना बहुतेकांचा हात काळी एकमध्ये बसतो आणि तिथेच राहतो. पुरुष गायक साधारण पांढरी एक ते काळी दोन या टापूत गातात. बायका बहुधा काळी तीनच्या पुढे, काळी चार, काळी पाच अशा. म्हणजे यमन एकच असला तरी बोटांना तो सात-आठ वेगवेगळ्या नकाशांत माहीत हवा.

रोज एकच राग घ्या आणि दर दिवशी पट्टी बदला. सोमवारी भूप काळी एकमध्ये, मंगळवारी पांढरी दोनमध्ये, असं. पहिले पंधरा दिवस फार चिडचिड होते. मी तर एकदा पेटीचं झाकण आपटलं होतं.

इथला सापळा म्हणजे स्केल चेंजर. पट्ट्यांचा संचच सरकतो, बोटं नेहमीच्या जागी राहतात, त्यामुळे सोय मोठी. पण एखाद्या कार्यक्रमात आयोजकांची साधी पेटी समोर येते आणि तुमची सात वर्षांची विद्या एका रात्रीत तीन महिन्यांची होते. स्केल चेंजर असू द्या, पण रियाज त्याला हात न लावता करा.

दुसरी गोष्ट सूर मिळवण्याची. तानपुरा हवा तसा लावता येतो, पेटी ऐन वेळी लावता येत नाही. म्हणून आधी पेटीने षड्ज द्यायचा आणि तानपुरे त्यावर मिळवायचे. फोनमधल्या तानपुऱ्यावर "काळी दोन" असं लिहिलेलं दिसलं म्हणून तो तुमच्या पेटीच्या काळी दोनशी जुळेलच असं नाही. जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी असते. ॲपमध्ये सूर बारीक वर-खाली करायची सोय असते, ती वापरा आणि पडद्यावरच्या अक्षरांऐवजी कानाला विचारा. वातानुकूलित सभागृहात खरे तानपुरे अर्ध्या तासात उतरतात, तेव्हा मध्यंतरात पुन्हा सूर द्यायची तयारी ठेवा.

२. पंधरा मिनिटं नुसता तानपुरा ऐका

हे पान उलटून पुढे जावंसं वाटेल. मीही तेच केलं होतं.

तानपुरा पंचमाचा लावा: प, मग जोडीचे दोन सा, मग खर्ज. पेटीला हात लावू नका. काही दिवसांनी खर्जाच्या तारेतून एक गंधार उमटताना ऐकू येईल. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो एकदा कानात बसला की पेटीवर गंधाराची पट्टी दाबून बघा. पेटीचा गंधार किंचित चढा लागतो. आजच्या बहुतेक पेट्या समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेल्या असतात, आणि त्या हिशेबात शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर बसतो. एक सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. आकडा लहान वाटतो, पण गायिका भूपाच्या गंधारावर आठ सेकंद थांबलेली असताना तुम्ही तीच पट्टी भरल्या भात्याने दाबलीत, तर तिचा स्वर आणि तुमचा स्वर एकमेकांना घासताना स्पष्ट ऐकू येतात.

पेटीवरचा हा आक्षेप जुना आहे. ठरलेले स्वर आणि मींडेचा (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा) अभाव या कारणांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते सुमारे तीन दशकं बंद राहिलं. गंमत म्हणजे त्याच काळात महाराष्ट्रातल्या बैठकींमध्ये पेटी जोरात होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची (सप्तकातल्या बारीक स्वरांची) पेटीही तयार केली आहे. पण तुमच्या-माझ्या घरातल्या साध्या पेटीला उपाय एकच: लांब थांबलेल्या गंधारावर, धैवतावर, निषादावर भाता अर्धा करा किंवा बोट उचला. तानपुरा तिथे आहेच.

३. ताल मोजू नका, ठेक्यातल्या खुणा ओळखा

विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी त्याहूनही जास्त चालतं. एवढा वेळ मनात बारा मात्रा मोजत राहिलात तर गाणं ऐकणार कधी? म्हणून ठेका तोंडपाठ करा:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

तिरकिट दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर "तू ना" आलं तर अजून अर्ध्याहून जास्त आवर्तन बाकी आहे. दुसऱ्यानंतर "धी ना" आलं की सम दारात उभी आहे. एवढी एक खूण पक्की झाली तरी निम्मी भीती जाते.

दुसरी खूण मुखड्याची, म्हणजे बंदिशीच्या ज्या सुरुवातीच्या तुकड्याने गायक समेवर येतो त्याची. बंदिशीचा मुखडा कुठल्या मात्रेला उठतो आणि कुठल्या अक्षरावर सम येते, हे गायकाला आधीच विचारून ठेवा. बड्या, म्हणजे विलंबित लयीतल्या, ख्यालात तो बऱ्याचदा अकराव्या मात्रेच्या आसपास उठतो. गायक कितीही लांब गेला तरी मुखड्याला परत येतो, आणि त्या वेळी पेटी त्याच्याबरोबर हवीच. साथीत माफ न होणारी चूक कुठली असेल तर मुखड्याला झोपलेली पेटी.

सराव असा करा. रेकॉर्डिंग लावा, हात मांडीवर ठेवा, आणि फक्त समेला मांडीवर एक बोट टेकवा. दहा आवर्तनं अचूक जमली की मगच पेटी उघडा.

४. रागाची चौकशी आधीच करा

बसण्यापूर्वी पाच प्रश्न विचारायचे: राग कुठला, पट्टी कुठली, ताल कुठला, मुखडा कुठून उठतो, आणि नंतरचा छोटा (जलद लयीतला) ख्याल कशात आहे. हे विचारायला लाजू नका. मी लाजले होते.

सकाळची बैठक होती. गायक ऐन वेळी आले, सूर मिळाले आणि गाणं सुरू झालं. सा रे ग प ध एवढे पाच स्वर कानावर पडले आणि मी भूप धरला. गंधारावर जाऊन प्रेमाने थांबू लागले. गायक धैवतावर थांबत होते, मी गंधारावर. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश, अगदी लहान मुलाला भरवावं तसं "सां ध, प, ग प ध प" गाऊन दाखवलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो देसकार होता. स्वर तेच, पण भूपाचा वादी (सगळ्यात महत्त्वाचा स्वर) गंधार, देसकाराचा धैवत. आणि सकाळचे साडेनऊ वाजलेले असताना भूपासारखा रात्रीचा राग कोण गाणार, एवढंही मला सुचलं नाही.

अशा जोड्या नीट ऐकून ठेवा. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांत कोमल रे, तीव्र म, आणि पंचम वर्ज्य. मारवा रे-धवर राहतो, पूरिया ग-निवर आणि मंद्राकडे (खालच्या सप्तकाकडे) झुकतो, सोहनी तार सप्तकात रमते. मारव्याबद्दल एक खास सूचना: गायक षड्ज मुद्दाम टाळत असतो, ऐकणाऱ्याला तो कधी मिळतोय असं होऊ देत असतो. पेटीवाल्यांना मात्र काही सुचलं नाही की सा दाबायची खोड असते. मारव्यात ती खोड म्हणजे रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून ठेवणं.

दरबारीचा कोमल गंधारही तसाच. गळ्यात तो आंदोलित असतो, रिषभाकडे झुकत झुकत येतो. पेटीवर ग-रे-ग-रे करून ते आंदोलन दाखवायला जाऊ नका, रिक्षाच्या भोंग्यासारखं वाजतं. रिषभ हलका धरा किंवा गप्प बसा.

राग अजिबात माहीत नसेल, विशेषतः जयपूर घराण्याच्या गायकांच्या पोतडीतून निघणारे अनवट (क्वचितच गायले जाणारे) आणि जोडराग, तर तसं सरळ सांगा. आरोह-अवरोह आणि दोन-तीन स्वरवाक्यं विचारून घ्या आणि तेवढ्यातच राहा. कमी वाजवलं म्हणून कोणी रागावत नाही.

५. मागून चालायला शिका

लेख खरा या पायरीसाठी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

गायक एक स्वरवाक्य गातो. तुम्ही ते ऐकता आणि क्षणभर मागून, कमी आवाजात, त्याच वाटेने जाता. हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात हात ऐकतच नाहीत, कारण कानापर्यंत पुरतं पोचायच्या आधीच बोटांनी ठरवलेलं असतं. यावर माझ्या गुरुजींनी मला दिलेला क्रम जसाच्या तसा देते.

पहिले दोन आठवडे: एखाद्या विलंबित ख्यालाचं रेकॉर्डिंग लावा आणि प्रत्येक स्वरवाक्यातला फक्त शेवटचा स्वर वाजवा, जिथे गायक थांबतो तो. बाकी सगळा वेळ बोटं पट्ट्यांवरून उचललेली. हा न्यासाचा, म्हणजे थांबण्याचा, स्वर कानाला लगेच सापडायला लागला की राग आपोआप कळत जातो.

पुढचे दोन आठवडे: शेवटचा स्वर आणि त्याच्या आधीची छोटी वाट.

मग पूर्ण वाक्य, पण गायकाचं संपल्यावर. त्याने श्वास घेतला की त्या फटीत तुम्ही तेच वाक्य थोडक्यात म्हणायचं.

आणि सगळ्यात शेवटी त्याच्या सोबत, छायेसारखं.

मी उलट्या क्रमाने शिकले होते, म्हणजे थेट छायेपासून. म्हणून मी ताईंच्या आधी पोचायचे. यमन मला चांगला येत होता. मंद्र निषादावरून "नि रे ग" असं त्यांनी सुरू केलं की पुढे तीव्र मध्यमावरून पंचमाला जाणार हे मला ठाऊक असायचं, आणि बोटं तिकडे निघायची. दहापैकी आठ वेळा माझा अंदाज बरोबर यायचा. उरलेल्या दोन वेळा ताई गंधारावरून परत फिरून मंद्र धैवताकडे निघालेल्या असायच्या, त्या दिवशी त्यांना काहीतरी नवं सापडत असायचं, आणि माझा पंचम आधीच वाजलेला असायचा. तो ऐकून त्या नाइलाजाने पंचमावर यायच्या. म्हणजे त्यांची उपज मी मारत होते, तीही बरोबर स्वर वाजवून. चुकीच्या स्वराला गायक दुर्लक्षित करू शकतो. बरोबर पण लवकर आलेल्या स्वराला दुर्लक्षित करणं फार अवघड असतं.

म्हणून राग जितका ओळखीचा, तितकं जपून. मला आजही यमनापेक्षा एखाद्या नवख्या रागात साथ बरी जमते, कारण तिथे ऐकण्यावाचून इलाज नसतो.

आता काही बारीक गोष्टी.

श्वास. गायकाच्या खांद्यांकडे आणि गळ्याकडे बघत राहा. श्वास घेण्याआधी खांदे किंचित हलतात. त्या क्षणी शेवटचा स्वर हलका धरून ठेवा, म्हणजे सुराची धार तुटत नाही. तो पुन्हा गायला लागला की तुम्ही मागे. ज्याला डोळे मिटून वाजवायची सवय आहे त्याने ती आधी मोडावी. मैफलीचे फोटो चांगले येतात तेवढाच तिचा फायदा.

मींड. गळा गंधारावरून षड्जावर घसरत येतो. पेटीवर मधली सगळी पट्टी-पट्टी वाजवलीत तर जिना उतरल्यासारखं ऐकू येतं. निघण्याचा स्वर हलका, मध्ये काही नाही, पोचण्याचा स्वर मात्र त्याच्याबरोबर. कुठे कणस्वर (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श) लावता आला तर लावा, नाही लावला तरी चालतं.

तान. तानेच्या मागे पळू नका. पहिल्या वर्षात तर नाहीच. सुरुवात, वरचं टोक, आणि समेवर येणारा शेवट एवढं पकडलं तरी तान पेटीत आहे असा भास होतो. पेटीवादक आप्पा जळगावकर भीमसेन जोशींच्या मागे वाजवत असतानाची रेकॉर्डिंग ऐका, किंवा मूळच्या गोव्यातल्या बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांची साथ ऐका. बोटं किती वेगाने चालतात हे बघायचा मोह होईल. त्याऐवजी घड्याळ घेऊन बसा आणि पेटी कुठे कुठे थांबते त्या जागा लिहून काढा. मी एका रेकॉर्डिंगची अशी यादी केली तेव्हा दोन पानं भरली.

सरगम. गायक स्वरांची नावंच घेतो, त्यामुळे सोपं वाटतं आणि नवशिक्या इथे सुटतो. नावं ऐकून वाजवू नका, लय ऐका. सरगमेत गायक लयीशी खेळत असतो. तुम्ही सरळ मात्रेत स्वर टाकत गेलात तर त्याचा खेळ बिघडतो.

६. जागा मिळाली तर

कधी गायक थांबून तुमच्याकडे बघतो, किंवा हात किंचित पुढे करतो. याचा अर्थ थोडं वाजव. थोडं म्हणजे एक आवर्तन, बहुधा त्याहून कमी. त्याने जिथे सोडलं तिथूनच उचला, त्याच सप्तकात राहा, आणि त्याला परत धरता येईल अशा जागी आणून ठेवा. तो अजून पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) बढत करत, राग हळूहळू वर नेत असताना तुम्ही तार षड्जाला जाऊन आलात तर त्याचा पुढचा अर्धा तास तुम्ही खाऊन टाकला.

तबलजीकडेही कान ठेवा. त्याने तुकडा किंवा तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा बोल) उचलली की तुमच्या करामती बंद, मुखडा साधा आणि सरळ. स्वतंत्र तबलावादनाला नगमा (ताल दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून) धरायची वेळ आली तर तिथे उलटाच नियम लागतो: एकही स्वर इकडचा तिकडे करायचा नाही, तासभर तेच. माझ्या मते हा ऐकण्याचा सर्वांत कडक रियाज आहे, आणि तरी तो कोणालाच करायचा नसतो.

७. बैठकीची मांडणी आणि माइक

साधारणपणे गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी असते. पेटी अशी तिरकी ठेवा की गायकाचा चेहरा दिसेल. साउंडवाला माइक पेटीच्या अगदी अंगाशी आणतो. त्याला तो वीतभर लांब करायला सांगा. मॉनिटरमध्ये स्वतःची पेटी कमी आणि गळा जास्त मागून घ्या. माझ्यासकट अनेक जणी पहिल्या कार्यक्रमात उलटं करतात, कारण स्वतःचं वाजवणं ऐकू आलं नाही की घाबरायला होतं. मग आपण जोरात वाजवतो, गायक जोरात गातो, तबला चढतो, आणि मध्यंतरात सगळे साउंडवाल्याला बोलतात.

कप्लर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी सोय) बंद. सूर मिळवताना उघडलेल्या सगळ्या खुंट्या गाणं सुरू होताना पुन्हा बघून घ्या.

८. बसायला मिळणार कुठे

गाण्याचे क्लास गाठा. शिकणाऱ्यांना रियाजाला पेटीवाला हवाच असतो आणि तुमच्या चुका तिथे खपतात. रियाजाचे पैसे सुरुवातीला मागू नका, कार्यक्रमाचं मानधन मात्र आधीच बोलून घ्या, नंतर दोघांनाही अवघड होतं.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांच्या हंगामात साथीदारांची मागणी असते. एका दिवसात वीस विद्यार्थी, वीस गळे, पट्ट्या वेगवेगळ्या, राग मात्र तेच ते. कंटाळवाणं काम आहे, पण एकच बागेश्री सात जणांच्या तोंडून सात प्रकारे ऐकला की "यापुढे हेच येणार" हा समज आपोआप ढिला होतो.

भजनी मंडळात जरूर बसा. गोव्यात आणि कोकणात तर देवळादेवळांत ही शाळा भरते. टाळ-पखवाजाच्या गजरात पेटी मोकळेपणाने वाजते, हात धीट होतो. फक्त तिथला जोर ख्यालाच्या बैठकीत घेऊन येऊ नका. नाट्यसंगीताचंही तसंच. गोविंदराव टेंबे यांच्यापासून गोविंदराव पटवर्धनांपर्यंत मराठी रंगभूमीने पेटीला मोठा मान दिला, पद श्रोत्यांना पाठ असतं आणि पेटीच्या जागांना वेगळी दाद मिळते. त्या दादेची चटक लागते. ख्यालाच्या साथीत दाद आली तर ती गायकाच्या जागेला आलेली असते, तेव्हा मान डोलावून स्वीकारू नका. मी एकदा स्वीकारली आहे.

९. झाल्यावर काय विचारायचं

"कसं झालं?" असं विचारू नका. उत्तर "छान" असंच येतं, विशेषतः चहा पिताना. त्याऐवजी विचारा, "माझी पेटी कुठे आड आली?" पहिल्यांदा गायक संकोचतात. दुसऱ्यांदा विचारलंत की नेमकी जागा सांगतात: अंतऱ्याच्या उठावाला, पहिल्या तार षड्जाला, अमक्या तानेला.

मग घरी जाऊन रेकॉर्डिंग लावा, गाणं विसरा आणि फक्त पेटी ऐका. पहिली काही मिनिटं नकोसं होतं, पण ऐका. सुरुवातीला सांगितलेली वही इथे लागते. तारीख, राग, पट्टी, आणि आड आलेल्या जागा. एका बैठकीच्या तीनच जागा लिहा, जास्त लिहिल्या तर पुढच्या वेळी एकही लक्षात राहत नाही.

माझी आता तिसरी वही चालू आहे. त्या गल्लीतल्या ताई अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी रियाजाला बोलावतात. परवा सहज मागची पानं चाळली तर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली नोंद एकच निघाली: "यमन, गंधारावर घाई." शेवटची मागच्या शुक्रवारची आहे.